तांब्यावरचं जपान

एक तरुण बाई लिहिण्याच्या मेजाशी बसली आहे. पत्र लिहून झालंय. पाकीट तिनं ओठांशी धरलंय आणि त्याच्या कडेचा डिंक ती ओला करतेय. अंगात गडद निळा झगा, त्यावर पानाफुलांची नक्षी. मागच्या भिंतीवरच्या कागदावरही फुलंच. चेहऱ्यावर सावली नाही, मेजाखाली सावली नाही, प्रकाश कुठल्या खिडकीतून येतो याचा पत्ता नाही. मोजक्या रेषा आणि सपाट रंग, बस्स. तरीही त्या झग्याआड शरीर आहे, मेजाला वजन आहे, आणि पत्र कुणाला लिहिलं असेल हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

‘पत्र’ नावाचं हे चित्र १८९०-९१ सालचं. पाहताक्षणी जपान आठवतं. पण बाई पॅरिसची, मेज फ्रेंच, झगाही फ्रेंच. चित्रकर्ती मेरी कसॅट अमेरिकन, आणि जपानला ती आयुष्यात कधीही गेली नाही. त्याहून नवल असं, की हे चित्र रंगवलेलं नाही, छापलेलं आहे. आणि तेही जपानी पद्धतीनं लाकडी ठोकळ्यांवरून नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवरून. तांब्याकडून इतका सपाट, निवांत रंग काढून घेणं म्हणजे त्या धातूच्या स्वभावाशीच पंगा घेणं. कसॅटनं अशी एक नाही, दहा चित्रं केली, प्रत्येकाच्या पंचवीस प्रती. ती कशी केली हे एकदा कळलं, की ‘आई आणि मुलांची गोड चित्रं काढणारी बाई’ ही तिची सरधोपट ओळख फार तोकडी वाटू लागते.

दिवाणखान्याची प्रयोगशाळा

कसॅटचा जन्म २२ मे १८४४ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेगेनी सिटीत झाला. हे गाव आता पिट्सबर्गमध्ये सामावून गेलं आहे. वडील शेअर दलाल, घरात सुबत्ता. लहानपणाची काही वर्षं कुटुंबाबरोबर फ्रान्स आणि जर्मनीत गेली. १८६०मध्ये तिनं फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये नाव घातलं आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर थेट पॅरिस गाठलं.

त्या काळात चित्रकला शिकायला अमेरिकेतून पॅरिसला जाणाऱ्या मुलींची रीघ लागली होती. शहर त्यांना बोलवत होतं खरं, पण पुढच्या दारानं आत घेत नव्हतं. एकोल दे बोझार ही सरकारी कलाशाळा मुलींना प्रवेश देत नसे; तिचं दार उघडायला १८९७ साल उजाडावं लागलं. अकादमी ज्युलियाँसारख्या खासगी शाळेत मुलींना घेत, पण फी मुलांच्या दुप्पट. कसॅटनं मग बोझारमध्येच शिकवणाऱ्या झाँ-लेओं झेरोमकडे खासगी शिकवणी धरली आणि लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करत हात तयार केला. १८६८मध्ये पॅरिसच्या ‘सालाँ’ या मानाच्या प्रदर्शनात तिचं ‘मँडोलिन वाजवणारी’ हे चित्र लागलं.

१८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे तिला मायदेशी परतावं लागलं. पिट्सबर्गच्या बिशपनं कोर्रेज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या नकला करून मागवल्या, त्या निमित्तानं ती पुन्हा युरोपात आली आणि इटलीतल्या पार्मा शहरात राहिली. तिथं कार्लो रायमोंदी या मुद्राचित्रकाराकडून ती तांब्याच्या पत्र्यावरचं काम शिकली. ही विद्या जवळजवळ वीस वर्षांनी कामी यायची होती.

१८७४पासून पॅरिस हेच तिचं गाव झालं. १८७७मध्ये एदगार देगानं तिला आपल्या बंडखोर मित्रमंडळींबरोबर चित्रं मांडायचं निमंत्रण दिलं. ही मंडळी म्हणजे इम्प्रेशनिस्ट. त्यांच्या आठांपैकी चार प्रदर्शनांत कसॅटची चित्रं होती, आणि त्यांच्यात मांडणारी ती एकमेव अमेरिकन. त्याच सुमारास आईवडील आणि थोरली बहीण लिडिया पॅरिसला तिच्याकडे राहायला आली. वडिलांची अट सरळ होती: घर मी चालवीन, पण स्टुडिओचा आणि मॉडेलचा खर्च तुझ्या चित्रांतून निघाला पाहिजे.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. देगा रंगमंचाच्या मागं जाऊन नर्तकींची चित्रं काढत होता, माने दारूच्या गुत्त्यात आणि कॅफेत बसून शहर टिपत होता. भल्या घरच्या अविवाहित बाईला तिथं एकटीनं जाऊन बसायची सोय नव्हती. कसॅटच्या वाट्याला आल्या त्या घरातल्या खोल्या, बाग, आणि फार तर नाटकगृहातली आपली खुर्ची. मॉडेल म्हणजे आजारी लिडिया, भाचे-भाच्या, घरी कामाला असलेल्या बाया. मिळालं तेवढ्यात तिनं भागवून घेतलं नाही. तेवढ्याचीच तिनं प्रयोगशाळा केली. १८७९-८०मध्ये देगा, कामिय पिसारो आणि ती यांनी मिळून मुद्राचित्रांचं एक नियतकालिक काढायचा घाट घातला होता. नाव ठरलं होतं ‘दिवस आणि रात्र’. अंक कधीच निघाला नाही, पण त्यापायी आम्ल, राळ, सुई आणि प्रेस यांच्याशी तिची घसट झाली ती कायमची. पुढं १८८०च्या दशकाच्या शेवटी ती सुईनं थेट तांब्यावर रेखाटू लागली. पेन्सिलीची रेघ पुसता येते. तांब्यावर ओढलेली रेघ खोडायची तर धातू खरवडावा लागतो. हात सांगेल तेच खरं, अशी शिस्त तिनं स्वतःला मुद्दाम लावून घेतली होती.

सातशे जपानी चित्रं

एप्रिल १८९०मध्ये पॅरिसमध्ये जपानी मुद्राचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. व्यापारी आणि जाणकार झिगफ्रीड बिंगनं ते जमवलं होतं. सातशेहून अधिक चित्रं, शिवाय सचित्र ग्रंथ. हारुनोबु, कियोनागा, उतामारो, होकुसाई, हिरोशिगे, सगळे एका छताखाली. आणि छत कुणाचं? एकोल दे बोझारचं. ज्या वास्तूत विद्यार्थिनी म्हणून कसॅटला पाऊल टाकता आलं नव्हतं, तिथंच तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा भिंतींवर टांगलेला होता, आणि तो पाहायला कुणालाही जाता येत होतं.

ती गेली, आणि झपाटली. मैत्रीण बर्थ मोरिसो हिला तिनं पत्र लिहून बजावलं, की हे चुकवू नकोस. त्याच पत्रात तिनं आपलं मनही उघडं केलं: आता तांब्यावर रंगीत चित्रं छापायची याखेरीज दुसरं काही सुचत नाही.

जपानी चित्रं पॅरिसला नवी नव्हती. जपाननं परदेशी व्यापाराला दारं उघडली, तेव्हापासून ही चित्रं युरोपात येत होती, आणि मोने-देगांच्या पिढीनं ती हौसेनं जमवली होती. बरेच चित्रकार आपल्या चित्रात किमोनो, पंखे, जपानी पडदे आणून बसवत. कसॅट तेवढ्यावर थांबली नाही. तिनं पाहिलं ते वेगळंच. उतामारोच्या चित्रात बाया केस विंचरतात, आरशात बघतात, मुलाला न्हाऊ घालतात, पत्रं वाचतात. घरातलं, बायकांचं, रोजचं जग. आणि ते मांडायला रेषा, नक्षी आणि सपाट रंग एवढंच सामान. म्हणजे तिचा स्वतःचा विषय समुद्रापलीकडच्या एका परंपरेनं शंभर वर्षं आधी गंभीरपणे घेतला होता. त्यासाठी तिथं एक चित्रभाषाही तयार होती, जिला छायाप्रकाशाचा युरोपी सरंजाम लागत नव्हता.

लाकूड आणि तांबं

जपानी चित्र छापलं कसं जाई? ऑफिसातला रबरी शिक्का आठवा: जो भाग उठलेला, त्याला शाई लागते आणि तोच कागदावर उमटतो. जपानी ठोकळ्याचं तंत्र हेच. चेरीच्या लाकडावर रेषा उंच ठेवून बाकीचं कोरून टाकायचं. रेषांचा एक ठोकळा, मग प्रत्येक रंगाचा वेगळा. १७६५च्या सुमाराला हारुनोबुच्या काळात अशी अनेकरंगी छपाई बहरली. पाण्यात कालवलेला रंग ठोकळ्यावर ब्रशनं लावायचा, त्यावर कागद ठेवून पाठीमागून हातानं घासायचं. रंग सपाट बसतो, कारण लाकडाचा पृष्ठभागच सपाट असतो. शिवाय हे काम एकट्याचं नसे. रेखाटणारा वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि सगळ्यांना कामाला लावणारा प्रकाशक वेगळा. प्रत्येकाच्या पाठीशी लहानपणापासूनची उमेदवारी.

तांब्याचं तंत्र याच्या अगदी उलट. इथं शाई उठावावर बसत नाही, खळग्यात बसते. सुईनं ओरखडा काढा किंवा आम्लानं खड्डा पाडा, त्यात शाई भरा, वरचा पत्रा पुसून लख्ख करा, ओलसर कागद वर ठेवा आणि प्रेसच्या जड रुळांतून दाबून काढा. कागद खळग्यात शिरतो आणि शाई उचलून घेतो. रेषेसाठी हे नामी. पण रंगाचा पसरट डाग तांब्यावर कुठून आणायचा? गुळगुळीत तांब्यावर शाई टिकतच नाही, पुसली की गेली.

यावर फ्रान्समध्ये अठराव्या शतकातच एक तोडगा निघाला होता, त्याचं नाव अ‍ॅक्वाटिंट. राळेची बारीक पूड पत्र्यावर उडवायची आणि पत्रा खालून तापवायचा. कण वितळून तांब्याला चिकटतात. मग आम्ल घातलं की कणांच्या मधलं उघडं तांबं तेवढं खाल्लं जातं. डोळ्यांना वेगळे दिसणार नाहीत असे हजारो खळगे तयार होतात आणि सगळे मिळून शाई धरून ठेवतात. आम्लात थोडा वेळ ठेवलं तर फिकी छटा, जास्त वेळ ठेवलं तर गडद. जिथं रंग नको, तिथं आधीच वार्निशचा लेप द्यायचा म्हणजे आम्ल शिरत नाही. रंगीत छपाईसाठी एकापेक्षा जास्त पत्रे वापरायची युक्तीही त्याच शतकातली. म्हणजे कसॅटनं यातलं एकही हत्यार शोधून काढलं नाही. जुनी फ्रेंच हत्यारं जपानी प्रश्नाला लावून पाहावी, हे मात्र तिनंच मनावर घेतलं.

तीन पत्रे, एक कागद

आपली पद्धत तिनं पुढं एका पत्रात सांगितली आहे आणि ती अगदी सोपी असल्याचा दावाही केला आहे. आधी एका पत्र्यावर सुईनं रूपरेषा. ती रूपरेषा आणखी दोन पत्र्यांवर उतरवायची. एका चित्राला तीन पत्रे, त्याहून जास्त कधीच नाहीत. मग जिथं जिथं रंग हवा तिथं अ‍ॅक्वाटिंट, आणि छापताना पत्र्यावरच रंग लावायचे.

आता या सोपेपणाच्या आत डोकावू. पहिली पायरी रेखाटनाची. कसॅटनं पेन्सिलीनं कागदावर चित्र बेतलं. मऊ, चिकट लेप दिलेल्या पत्र्यावर तो कागद ठेवून रेघा पुन्हा गिरवल्या. जिथं दाब पडला तिथला लेप कागदाच्या पाठीला चिकटून निघून आला आणि तेवढं तांबं उघडं पडलं. अशा कागदांपैकी काही आज संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या पाठीवर तो लेप अजून दिसतो. त्या मार्गदर्शक रेघांवर तिनं सुईनं पक्की रेषा काढली. सुई धातू कापत जाते तेव्हा रेघेच्या काठाला तांब्याची बारीक कड उठते. ती शाई धरून ठेवते आणि छापलेल्या रेषेला एक मखमली ऊब देते. पण प्रेसखालच्या प्रत्येक फेरीत ही कड थोडी थोडी दबत जाते. फार प्रती काढल्या तर रेषा मलूल होते. पंचवीसवर थांबण्यामागं हेही शहाणपण होतं.

दुसरी पायरी रंगांची. जपानी छपाईत रंगागणिक ठोकळा. इथं पत्रे तीनच. मग सात-आठ रंग कसे काढायचे? एकाच पत्र्याच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे रंग लावून. चिंधीचा छोटा बोळा करून झग्याच्या जागी निळा, गालिच्याच्या जागी तपकिरी, त्वचेच्या जागी जेमतेम गुलाबी. एकाची सीमा दुसऱ्यात मिसळता कामा नये. प्रत्येक वेळी पत्रा पुसायचा, तोही असा की खळग्यातला रंग निघू नये आणि वरचा राहू नये. एक प्रत निघाली की पुढच्या प्रतीसाठी हे सगळं पहिल्यापासून.

तिसरी पायरी जुळवणीची. तोच कागद एकामागून एक तीन पत्र्यांवरून जातो. कागद ओलसर असतो, आणि ओला कागद दाबाखाली ताणला जातो. केसाच्या अंतरानं जरी सरकला तरी बाईच्या गालावरचा रंग गालाबाहेर येतो. ‘पत्र’मधल्या झग्याची नक्षी रेषेला अशी बिलगून आहे, की तिथं तीन वेगवेगळे पत्रे आहेत हे सांगूनही खरं वाटत नाही.

या कामात तिच्या जोडीला एक व्यावसायिक छपाईकार होता, मस्य लरुआ. दोघं पूर्ण दिवस, म्हणजे आठ तास, जीव तोडून राबत तेव्हा कुठं आठ-दहा प्रती निघत, असं तिनं लिहून ठेवलं आहे. हिशेब मांडला तर दहा चित्रांच्या अडीचशे प्रती म्हणजे नुसत्या छपाईचाच जवळजवळ महिना. चाचणीच्या प्रती आणि वाया गेलेले कागद यात धरलेले नाहीत. ‘स्नान’ हे मालिकेतलं पहिलं चित्र. ते मनासारखं होईपर्यंत पत्र्यांत तिनं इतके फेरफार केले, की त्याच्या सतरा अवस्था अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. आणि हे सारं चाललं तेव्हा म्हातारे, आजारी आईवडील तिच्याच घरात, तिच्याच देखभालीखाली होते.

आणखी एक गोष्ट तिच्या स्वभावाबद्दल बरंच सांगते. चित्राच्या खालच्या मोकळ्या जागेत तिनं पेन्सिलीनं लिहिलं, की हे चित्र चित्रकर्ती आणि मस्य लरुआ या दोघांनी छापलं आहे. छापणाऱ्या कारागिराचं नाव सहीच्या जोडीनं लिहिण्याचा प्रघात तेव्हा नव्हता.

खोलीतल्या दहा गोष्टी

दहा चित्रं ओळीनं पाहिली, तर एका शहरी बाईचा दिवस उलगडत जातो. सकाळचं मुलाचं अंघोळपाणी, केस बांधणं, शिंपिणीकडून झगा अंगावर बेतून घेणं, पत्र लिहिणं, प्रवास, दुपारचा चहा, रात्री दिव्याशेजारी पंखा घेऊन बसणं, मुलाला पोटाशी धरणं.

‘स्नान’ सर्वांत जपानी. टब, बाई, मूल. मागं भिंतही नाही. या पहिल्या चित्रानंतर नक्कल थोडी बाजूला ठेवून आपण वातावरण आणू पाहिलं, असं तिचंच म्हणणं. नंतरच्या चित्रांत खरोखरच खोल्या येतात: आरसे, गालिचे, आरामखुर्च्या, भिंतीवरची फुलं. ‘झगा बेतताना’मध्ये शिंपीण गुडघ्यावर बसून झग्याची कड टाचते आहे आणि तिची पाठ आपल्याकडे आहे. उभ्या बाईचं प्रतिबिंब मागच्या आरशात पडलंय. दोन बायांमधलं नातं काय, हे एक उभी आणि एक वाकलेली एवढ्यावरूनच कळतं.

‘ऑम्निबसमध्ये’ हे मालिकेतलं घराबाहेरचं एकमेव चित्र. सार्वजनिक गाडीत एक बाई, दाई आणि बाळ. खिडक्यांतून सेन नदी आणि पूल दिसतो. याच्या कच्च्या रेखाटनात बाईशेजारी एक पुरुषही बसलेला आहे. छापताना कसॅटनं त्याला गाडीतून उतरवलं! दहाही चित्रांत मोठा पुरुष कुठंच नाही. ‘दुपारचा चहा’मध्ये यजमानीण पाहुणीपुढं ताटली धरते आहे, आणि काही प्रतींत चहाच्या भांड्यांच्या कडांवर कसॅटनं हातानं सोनेरी रंग फिरवला आहे.

‘स्नान करणारी स्त्री’ पाहावं ते पाठीसाठी. पट्ट्यापट्ट्यांचा झगा कमरेपर्यंत उतरवून बाई पाण्याच्या भांड्यावर वाकली आहे. उघड्या पाठीवर छायाप्रकाश नाही; मानेपासून कमरेपर्यंत गेलेली रेषा आणि मधला कोरा कागद, एवढ्यावरच ती पाठ गोलाई घेते, वाकते, श्वास घेते. एका बाईला इतकं उत्तम रेखाटता येतं हे आपण मान्य करणार नाही, असं ही पाठ पाहून देगा म्हणाला, अशी आख्यायिका आहे. दाद द्यायची त्याची तऱ्हा अशीच तिरकी होती.

‘देशभक्तां’च्या शेजारी

एप्रिल १८९१मध्ये ही दहा चित्रं प्रथम लोकांसमोर आली, पण जरा चमत्कारिक रीतीनं. कसॅट आणि पिसारो ज्यांच्याबरोबर मुद्राचित्रं मांडत, त्या चित्रकारांच्या संस्थेनं आपल्या नावापुढं ‘फ्रेंच’ जोडलं आणि फ्रान्सबाहेर जन्मलेल्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. कसॅट अमेरिकेत जन्मलेली; पिसारो कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर. दोघांनाही डावललं गेलं.

संस्थेचं प्रदर्शन द्युराँ-र्‍युएलच्या दालनात होतं. द्युराँ-र्‍युएल हा इम्प्रेशनिस्टांचा पाठीराखा व्यापारी. त्यानं शेजारच्याच छोट्या खोल्या या दोघांना दिल्या. कसॅटनं दहा मुद्राचित्रं आणि मोजकी तैल-पेस्टल चित्रं मांडली. तिचं हे पहिलं स्वतंत्र प्रदर्शन, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. पिसारोनं उद्घाटनाआधीच ती चित्रं पाहिली आणि मुलाला, लुसियाँला, पत्र लिहिलं. रंग एकसारखा, नाजूक, कुठंही डाग नाही, निळे आणि गुलाबी काय सुंदर उतरलेत! आणि शेजारच्या देशभक्तांना हे दिसलं की त्यांचा तिळपापड होणार, अशी मिस्कील पुस्तीही त्यानं जोडली. स्वतः मुरलेला मुद्राचित्रकार असलेल्या पिसारोची ही दाद नुसत्या मैत्रीपोटी नव्हती. तांब्यावर रंग असा बसवायला काय लागतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतर मोठी कामं आली. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या महिला भवनासाठी तिनं ‘आधुनिक स्त्री’ या विषयावर भव्य भित्तिचित्र रंगवलं. त्याच्या मधल्या भागात तरुण मुली ज्ञानाच्या झाडाची फळं तोडताना दाखवल्या होत्या. कॅनव्हास इतका उंच, की शिडीवर चढण्याऐवजी तो खाली उतरवता यावा म्हणून जमिनीत चर खणावा लागला. प्रदर्शन संपलं आणि ते प्रचंड चित्र हरवलं. आज फक्त छायाचित्रं उरली आहेत. १९०४मध्ये फ्रान्सनं तिला ‘लेजिओं द’ऑनर’ हा सन्मान दिला. मैत्रीण लुइझिन हॅवमायर हिला ती वर्षानुवर्षं चित्रखरेदीचा सल्ला देत होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या अनेक देगांमागं आणि मानेंमागं हा सल्ला आहे. १९१५मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी हॅवमायरनं न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन भरवलं, त्यालाही कसॅटचा पाठिंबा होता.

तोवर मोतीबिंदूनं तिची नजर अधू झाली होती. शस्त्रक्रिया झाल्या, फरक पडला नाही, काम थांबलं. १९२३मध्ये तिच्या घरात जुने तांब्याचे पत्रे सापडले. ती दहा चित्रं नव्हेत, सुईनं काढलेली दुसरी. हे पत्रे कधी छापलेच नव्हते असं तिला वाटलं. तिनं नव्या प्रती काढवून अमेरिकेला पाठवल्या. मेट्रोपॉलिटनचे तज्ज्ञ विल्यम आयव्हिन्स आणि हॅवमायर यांनी ओळखलं, की हे झिजलेल्या पत्र्यांचे ठसे आहेत. पहिल्या प्रती केव्हाच निघून गेल्या होत्या. कसॅटला तो आपल्या प्रामाणिकपणावरचा घाव वाटला आणि जुनी मैत्री तुटली. रेषेच्या काठची ती तांब्याची कड दबली होती. बोटांना ती पूर्वी कळली असती, डोळ्यांना तर नक्कीच. १४ जून १९२६ रोजी फ्रान्समधल्या आपल्या बोफ्रेनच्या घरी ती वारली.

नेमकं मूळ चित्र कुठलं?

दहा चित्रांचे पूर्ण संच आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये, मेट्रोपॉलिटनमध्ये आहेत, आणि संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात पाहताही येतात. तिथं एक गंमत करून पाहा. एकाच चित्राच्या दोन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी शेजारी उघडा. एकीतला निळा जरा खोल, दुसरीतला धुतल्यासारखा. एकीत गालिचा उबदार, दुसरीत करडा. पत्रे तेच, हात तेच. पण त्या दिवशी बोळ्यानं किती रंग घेतला आणि किती पुसला, यावर प्रत्येक प्रतीचं नशीब ठरलं.

छापलेलं चित्र म्हणजे एकासारखं दुसरं, अशी आपली समजूत असते. म्हणूनच तैलचित्राला मान आणि छापील चित्राला दुय्यम जागा, अशी उतरंडही लागते. कसॅटच्या अडीचशे कागदांना ती लागू पडत नाही. ‘पत्र’चं मूळ चित्र कुठलं, असं विचारलं तर पंचवीस उत्तरं आहेत आणि पंचवीसही बरोबर आहेत. तांब्यावर फक्त शक्यता होती. प्रत्येक चित्र घडलं ते कागदावर, दरवेळी नव्यानं.